बिनतारी लगामाचें विमान

हौशी वस्तूंच्या दुकानांतून हल्लीं एक लांबट पुठ्ठ्याची पेटी मिळते. तिच्यांत एक लहानसें विमान असतें. मात्र तें अगदींच पुरें झालेलें नसतें. पंखाचे दोन भाग निराळे असतात, शेपटी सुटी असते, चाकें कागदांत गुंडाळलेलीं असतात. पण सांगाडा घडविलेला असतो, त्यावर रंगीत आवरण चढविलेलें असतें, आणि पुष्कळदां मोटरहि नाकांत बसविलेली असते. घेणाऱ्यानें एक संध्याकाळ खर्च करावी आणि दुसऱ्या दिवशीं मोकळ्या मैदानावर जाऊन तें उडवावें, एवढेंच काम शिल्लक उरतें. ह्या एका संध्याकाळच्या मागें दीडशें वर्षांची खटपट उभी आहे, आणि ती बहुतेक हौशी माणसांनीं पदरास खार लावून केलेली आहे.

खटपटींतला पहिला प्रश्न शक्तीचा. १८७१ च्या ऑगस्टच्या १८ तारखेस पॅरिस येथील त्विलरी उद्यानांत अल्फोन्स पेनो ह्या एकवीस वर्षांच्या तरुणानें एक चिमुकलें विमान हवेंत सोडलें. त्याचें वजन सुमारें १६ ग्रॅम. त्याचा पंखा फिरविण्यास ना वाफ होती ना घड्याळाची कमान. पीळ दिलेला रबराचा एक पट्टा उलगडत जाई आणि पंखा फिरे. तें विमान ११ सेकंद उडालें आणि सुमारें ४० मीटर गेलें. जमलेल्या विद्वानांस त्या अंतरापेक्षां विशेष वाटलें तें त्याच्या स्थैर्याचें. शेपटीचा कोन पेनोनें असा साधला होता कीं, नाक खालीं गेलें तर तें आपोआप सावरावें. पुढें मोठें विमान बांधण्यास पैसा मिळेना, प्रकृति साथ देईना, आणि १८८० सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, त्यानें स्वतःच्या हातानें जीवन संपविलें. त्याच्या कल्पनेवर बनविलेलें रबरी पिळाचें एक भिरभिरें १८७८ सालीं अमेरिकेंतील एका पाद्र्यानें आपल्या मुलांसाठीं घरीं आणलें होतें. त्या मुलांचीं नांवें विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

रबराची शक्ति थोडक्या वेळांत सरते. १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत विल्यम ब्राउन नांवाच्या तरुणानें सुमारें १० घनसेंटिमीटरांचें पेट्रोल इंजिन तयार केलें, तें ‘ब्राउन ज्युनियर’ ह्या नांवानें बाजारांत आलें, आणि लहान विमानें एकदम उंच व लांब जाऊं लागलीं. इतकीं लांब, कीं धन्यास त्यांच्यामागें शेतें आणि कुंपणें ओलांडीत धांवावें लागे. कित्येक विमानें दृष्टीआड गेलीं तीं गेलींच. हिंवाळाभर बसून बांधलेली वस्तु पांच मिनिटांत क्षितिजापलीकडे नाहींशी होणें ही कांहीं गंमतीची गोष्ट नव्हे. विमान उडविणें साधलें होतें. तें परत बोलावणें साधलें नव्हतें.

बिनतारी हुकमतीची कल्पना त्या वेळीं नवी नव्हती. निकोला टेस्लानें १८९८ सालींच न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहान नौका दुरून चालवून लोकांस चकित केलें होतें. पण नौकेला वजनाचें ओझें फारसें जाणवत नाहीं. विमानाला एकेक तोळा जाणवतो. त्या काळच्या ग्राहकयंत्रांत कांचेची नळी असे. तिचा तंतु तापविण्यासाठीं एक बॅटरी लागे आणि तिला काम करावयास लावण्यासाठीं ४५ व्होल्ट किंवा त्याहूनहि अधिक दाबाची दुसरी. एवढें सामान उचलावयाचें म्हणजे विमान मोठें हवें, मोठें विमान म्हणजे इंजिन जबर हवें, आणि इंजिनाच्या थरथरीनें तर नळी व तिचे सांधे ढिले होत.

हा गुंता मिशिगन संस्थानांतील कॅलामझू गांवच्या दोन जुळ्या भावांनीं सोडविला. वॉल्टर आणि विल्यम गुड हे कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकत. वॉल्टरला विमानांचा नाद, विल्यमला बिनतारीचा. एकानें सांगाडा बांधला, दुसऱ्यानें यंत्र जोडलें. पंखांचा विस्तार ८ फूट, वजन सुमारें साडेआठ पौंड. विमानाचें नांव त्यांनीं ठेविलें ‘गफ’. इंग्रजी बोलींत ह्याचा अर्थ पोकळ बडबड. १९३७ सालीं तें उडालें आणि जमिनीवरून दिलेले हुकूम त्यानें पाळले. त्याच वर्षीं डेट्रॉइट येथें झालेल्या राष्ट्रीय चढाओढींत बिनतारी विमानांचा निराळा विभाग ठेविला होता. तेथें पहिला नंबर चेस्टर लांझो ह्याच्या अधिक हलक्या व साध्या विमानास मिळाला. परंतु पुढचीं तीन वर्षें, १९३८, १९३९ आणि १९४० सालीं, गुड बंधूंस कोणी हरवूं शकलें नाहीं. १९६० सालीं ‘गफ’ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत दाखल झालें.

त्या पिढीचें नियंत्रण कसें चाले हें पाहण्यासारखें आहे. जमिनीवर एक कळ असे. ती दाबली कीं लहर निघे आणि विमानांतील विद्युच्चुंबक एक खिटी सोडी. सुकाणू वळविण्याचें बळ विजेचें नव्हतें. तें पुन्हां पेनोच्याच पीळ दिलेल्या रबराचें होतें. दर वेळीं खिटी सुटली कीं रबर पाव फेरा उलगडे: पहिल्यांदा उजवीकडे, मग सरळ, मग डावीकडे, मग पुन्हां सरळ. पुढची पाळी कोणती, हें उडविणाऱ्यानें ध्यानांत ठेवावयाचें. मोजणी एका आंकड्यानें चुकली, किंवा एखादी लहर वाटेंत हरवली, तर उजवीकडे म्हणून दिलेला हुकूम डावीकडे वळवी, आणि समोर झाड असलें म्हणजे हिशेब तेथेंच पुरा होई. शिवाय लहरी सोडावयास अमेरिकेंत हौशी बिनतारीचा परवाना लागे, व त्यासाठीं मॉर्सच्या कडकट्टाची परीक्षा द्यावी लागे. विमान उडविण्याआधीं तारमास्तर होण्याची ही अट पुष्कळांस जाचक वाटली असल्यास नवल नाहीं.

ह्या छंदास दुसरीहि एक वाट फुटली. हॉलिवुडचा इंग्रज नट रेजिनाल्ड डेनी १९३४ सालापासून लहान विमानांचें दुकान चालवीत असे. तोफांच्या नेमबाजीस लक्ष्य म्हणून अशींच विमानें कां वापरूं नयेत, असें त्याच्या मनानें घेतलें, आणि महायुद्धांत त्याच्या रेडिओप्लेन कंपनीनें अमेरिकन सैन्यास हजारों विमानें पुरविलीं. तेथें काम करणाऱ्या एका तरुणीचें छायाचित्र युद्धाच्या अखेरीस एका लष्करी छायाचित्रकारानें टिपलें. तीच पुढें मॅरिलिन मन्रो म्हणून जगास ठाऊक झाली. लोकांस हा तपशील फार आवडतो. लष्कराच्या हातीं गेलेलें हें खेळणें पुढें काय काय रूपें धरणार होतें, ह्याची आठवण त्यामानानें कमी निघते.

युद्धानंतरची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. ट्रान्झिस्टर आल्यावर कांचेच्या नळीचें व जड बॅटऱ्यांचें ओझें गेलें. १९६० नंतरच्या दशकांत दांडी जितकी हलवावी तितकेंच सुकाणू हलविणारी योजना रूढ झाली, आणि पाळी मोजण्याची कटकट सरली. तरीहि एका लहरीवर दोघांनीं एकदम बोलावयाचें नाहीं, हा नियम कायमच होता; मैदानांत फळीवर लांकडी चिमटा लावून ज्यानें त्यानें आपली लहर राखून ठेवावी लागे. शेजाऱ्यानें विसरून आपली पेटी चालू केली तर दोन विमानें संकटांत येत. २.४ गिगाहर्ट्झची नवी पद्धत ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत आली आणि चिमट्यांचें राज्य संपलें.

विजेचा मार्ग इंजिनाहून संथ निघाला. इंग्लंडांत कर्नल टॅप्लिन ह्यांनीं १९५७ च्या ३० जून रोजीं ‘रेडिओ क्वीन’ हें विमान रुपें-जस्ताच्या घटांवर उडविलें. पण तेवढे महाग घट सामान्य हौशास कोठून परवडणार? त्यानंतरहि कित्येक वर्षें मैदानावर मेथॅनॉल आणि एरंडेलाचा धूरच दरवळत होता, आणि पंख्यास बोटानें झटका देतांना बोटें रक्ताळत होतीं. लिथियमचे हलके घट आणि ब्रशावांचून फिरणाऱ्या मोटरी स्वस्त झाल्या तेव्हां कोठें पारडें फिरलें.

आतां त्या पेटीकडे वळावें. तींतील काम सोपें आहे, पण निष्काळजीपणास क्षमा करणारें नाहीं. पंखाचे दोन भाग आधारदांडीवर जोडून शेपटी पंखाशीं समांतर आहे कीं नाहीं हें मागून डोळ्यानें ताडून पाहावें लागतें. मग वजनाचा तोल. पंखाखालीं, पुढील कडेपासून त्याच्या रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर, दोन बोटें टेकवून विमान तोलतात. नाक किंचित् खालीं झुकलें तर हरकत नाहीं, शेपटी झुकली तर तें उडवूं नये. बॅटरी पुढें-मागें सरकवून हा तोल बहुधा साधतो. तीन घटांच्या लिथियम बॅटरीचा नामधारी दाब ११.१ व्होल्ट, भरतांना दर घट ४.२ व्होल्टच्या वर नेऊं नये, आणि उडवितांना ३ व्होल्टच्या खालीं उतरूं देऊं नये. भरण्याचें काम नजरेआड करूं नये, कारण दुखावलेला घट पेट घेतो. मोठा पंखा लावला म्हणजे जोर वाढतो खरा, पण वीजहि अधिक ओढली जाते आणि मोटर जळते. सुकाणूंच्या दिशा विमानाच्या मागें उभें राहून तपासाव्यात: दांडी उजवीकडे नेली कीं उजव्या पंखाची झडप वर उचलली पाहिजे. उलट जोडलेल्या झडपेनें जितकीं नवीं विमानें मोडलीं असतील तितकीं वाऱ्यानेंहि मोडलीं नसतील. आणि हें सर्व होईपर्यंत पंखा मोटरीवर चढवूं नये.

जुन्या मंडळींस ही पेटी मनापासून रुचली नाहीं. चढाओढींत भाग घेणाऱ्यानें विमान स्वतः बांधलेलें असावें, असा नियम अमेरिकेंत पुष्कळ विभागांत होता. तो हळूहळू बहुतेक ठिकाणीं सैल झाला. त्यांच्या तक्रारींत केवळ अभिमान नव्हता. ज्यानें पंखाची एकेक फासळी कापली, त्यास मोडलेला पंख दुरुस्त करतां येतो. विकत घेणारा दुसरी पेटी आणतो. पण उलट बाजूहि खोटी नाहीं. ज्यांस बाल्सा लांकूड कापण्याइतकी सवड किंवा नजर नाहीं, अशा हजारोंना ह्या पेटीनेंच मैदान दाखविलें.

नजर गेली तरी हात थांबले नाहींत, असाहि एक गृहस्थ होऊन गेला. मेनार्ड हिल ह्यांनीं वॉल्टर गुड ह्यांच्याप्रमाणेंच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत नोकरी केली होती. उतारवयांत त्यांची दृष्टि व श्रवण हीं दोन्ही फार क्षीण झालीं असतां, लहान विमान अटलांटिक महासागरापार धाडण्याचा त्यांनीं ध्यास घेतला. इंधनासह वजन ५ किलोच्या आंत, सांगाडा बाल्साचा, इंजिन १० घनसेंटिमीटरांचें. आधींचीं विमानें समुद्रानें गिळलीं. २००३ च्या ऑगस्टच्या ९ तारखेस न्यूफाउंडलंडमधील केप स्पिअर येथून पांचवें सुटलें. निघतांना आणि उतरतांना मनुष्याची बिनतारी हुकमत, मधल्या सागरावर उपग्रहांच्या खुणांवर चालणारें स्वयंनियंत्रण, अशी योजना होती. ३८ तास ५२ मिनिटांनीं, सुमारें ३,०३० किलोमीटर कापून, तें आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लिफ्डनजवळ आलें. १९१९ सालीं अल्कॉक आणि ब्राउन महासागर ओलांडून जेथें उतरले, तो भाग तेथून जवळच आहे. किनाऱ्यावर डेव्ह ब्राउन पेटी हातीं घेऊन उभे होते. लहानसा ठिपका दिसूं लागतांच त्यांनीं हुकूम आपल्याकडे घेतला आणि विमान खालीं उतरविलें. ७७ वर्षांचे हिल तेव्हां सागराच्या दुसऱ्या तीरावर वार्तेची वाट पाहत होते.