अळंबीला नाव मिळतं तेव्हा

पावसाळा लागला की पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, रानातली अळंबी खाल्ली तर चालते का?" उत्तर देण्याआधी थोडा इतिहास पाहू.

वारुळावर उगवणारी अळंबी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. वाळवी वारुळाच्या आत या बुरशीची जणू शेतीच करते. दक्षिण भारतात काम केलेले डॉक्टर योहान कोनिग यांनी १७७९ मध्ये वारुळातल्या या बुरशीबद्दल लिहिलं. 'टर्मिटोमायसिस' हे नाव मात्र फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये दिलं. पुढे पुण्यातल्या, आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९८० मध्ये नैर्ऋत्य भारतातल्या अळंब्यांवर ग्रंथ काढला. इथे लोकांना ओळख आधी होती, शास्त्रीय नाव नंतर आलं.

चीनच्या युन्नान प्रांतात उलटं घडलं. तिथल्या डोंगरातल्या ओक आणि पाइनच्या जंगलांत लोक पावसाळ्यात अळंबी गोळा करून विकतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या गावांत धडधाकट माणसं अचानक दगावू लागली. हृदय एकाएकी बंद पडायचं. सुमारे तीस वर्षांत अंदाजे ४०० मृत्यू झाले, आणि तेही बहुतेक जून ते ऑगस्टमध्येच. शेवटी संशय गेला कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या एका लहान पांढऱ्या अळंबीवर. बाजारात तिला भाव नव्हता, म्हणून महागाच्या अळंब्या विकून लोक ही घरी खात. ती शास्त्राला पूर्णपणे नवी होती. २०१२ मध्ये तिचं 'ट्रोजिया व्हेनेनाटा' असं नामकरण झालं. त्याआधीच गावोगाव सावध केल्यावर मृत्यू कमी झाले होते.

पिढ्यान्‌पिढ्या त्याच जंगलात राहणारी माणसंही फसली, हे लक्षात घ्या. घरगुती परीक्षांचंही तसंच. आपलं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. धातू कशाने काळा पडतो हे इथे सगळ्यांना ठाऊक. पण विषारी अळंबीने चांदीचा चमचा काळा पडतो, हा समज खोटा आहे. ओकच्या मुळांशी वाढणाऱ्या 'डेथ कॅप' या जीवघेण्या अळंबीचं विष धातूचा रंग बदलत नाही. शिजवूनही ते जात नाही.

या विषाचा त्रास बहुधा सहा तासांनंतर सुरू होतो. उलट्या-जुलाब थांबून बरं वाटतं आणि दोन-तीन दिवसांनी लिव्हर निकामी होऊ लागतं. म्हणून बरं वाटलं तरी घरी थांबू नका.

तेव्हा माझं उत्तर असं : अनोळखी अळंबी खाऊच नका. खाल्ल्यावर त्रास झाला, तर लगेच दवाखाना गाठा आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत आणा. ती ओळखता आली, तर उपचारांची दिशा लवकर ठरते.