पुष्टकाळाचे संकट आणि दूध भुकटी : खेडा ते महाराष्ट्र (1946–2020)

दूध हा नाशवंत माल असल्याने त्याच्या पुरवठ्यातील चढउतार धान्याप्रमाणे कोठारात साठवून भरून काढता येत नाहीत. त्यातच म्हशीचे दूध हिवाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात आटते. दुग्धव्यवसायात या काळांना अनुक्रमे पुष्टकाळ व कृशकाळ म्हणतात. शहराची गरज मात्र वर्षभर जवळजवळ सारखीच असते. दूध कमी पडले की त्यास संकट म्हटले जाते. उत्पादकाला ते अधिक झाल्याचे संकट जास्त जाचते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या संकटाचा व त्यावरील भुकटीच्या उपायाचा विचार केला आहे.

1945 पासून मुंबई सरकारच्या योजनेनुसार आणंदहून मुंबईस दूध जाऊ लागले. त्याच्या संकलनाची मक्तेदारी पोल्सन डेअरीकडे होती. 1946 मध्ये खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद ठेवले आणि 14 डिसेंबर 1946 रोजी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. मध्यस्थ दूर झाला, पण ऋतुचक्र संघाच्या हाती नव्हते. हिवाळ्यात उन्हाळ्याच्या सुमारे अडीचपट दूध येई व मुंबई दूध योजना ते सर्व उचलीत नसे. हे दूध नाकारावे तर सभासद पुन्हा व्यापाऱ्याच्या दारी जाणार. सहकाराची खरी कसोटी येथेच होती, असे म्हणावे लागते.

म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असा पाश्चात्त्य तज्ज्ञांचा समज होता. एच. एम. दलाया यांनी तो चुकीचा ठरविला. युनिसेफ व न्यूझीलंड यांच्या साहाय्याने उभारलेल्या आणंदच्या कारखान्याचे उद्घाटन 31 ऑक्टोबर 1955 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. सुमारे 11 लिटर साय काढलेल्या दुधापासून एक किलो भुकटी मिळते. हिवाळ्यातील दूध अशा रीतीने उन्हाळ्यापर्यंत टिकविता येऊ लागले.

तथापि भुकटी कोणाची, हा प्रश्न उरतोच. स्वस्त आयात भुकटीने शहराची गरज भागली की गावच्या दुधाची मागणी घटते. 1970 मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ योजनेत जागतिक अन्न कार्यक्रमाकडून 1,26,000 टन भुकटी व 42,000 टन बटर ऑइल देणगीदाखल मिळावयाचे होते. ते फुकट न वाटता दुधात रूपांतरित करून विकावे आणि आलेल्या पैशातून सहकारी संघ उभारावेत, ही व्हर्गीस कुरियन यांची योजना होती. देणगीवरील परावलंबनाबद्दल क्लॉड अल्वारिस यांनी 1983 मध्ये कठोर टीका केली. तिचे सर्व निष्कर्ष मान्य होण्यासारखे नाहीत; पण तिने उपस्थित केलेला प्रश्न रास्त होता.

हाच प्रश्न महाराष्ट्रात 2020 मध्ये पुन्हा उभा राहिला. मार्चमधील टाळेबंदीने हॉटेले, मिठाईची दुकाने व चहाच्या टपऱ्या एका दिवसात बंद झाल्या. गोठ्यातील गाय मात्र दोन्ही वेळा दूध देतच होती. राज्य शासनाने दररोज 10 लाख लिटर अतिरिक्त दूध 25 रुपये लिटर दराने घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरविले. पुढे साठा वाढला, भुकटीचे भाव घसरले आणि त्याचा भार दूधदरावर आला. अशा वेळी, जून 2020 मध्ये, केंद्र शासनाने 10,000 टन भुकटी सवलतीच्या शुल्कात आयात करण्यास मुभा दिली. 1 ऑगस्ट 2020 च्या राज्यव्यापी दूध आंदोलनात अनुदानाच्या मागणीबरोबर ही आयात रद्द करण्याची मागणीही होती.