‘विस्थापन’ या संज्ञेचे अर्थ आणि पन्हाळ्याचे गडकरी

‘विस्थापन’ ही संज्ञा मराठीत एकच असली तरी ज्ञानशाखा बदलताच तिचा आशय बदलतो. भौतिकशास्त्रात आरंभबिंदू व अंतिम बिंदू यांमधील सरळ अंतर आणि त्याची दिशा म्हणजे विस्थापन. मधला मार्ग जमेस धरला जात नाही. रसायनशास्त्रात अधिक क्रियाशील मूलद्रव्य दुसऱ्याला संयुगातून हुसकावून त्याची जागा घेते. मोरचुदाच्या द्रावणात ठेवलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबे चढते ते यामुळेच. वैद्यकात मोडलेल्या हाडाची टोके जागेवरून सरकणे, हा अर्थ. अंतर अल्प, परंतु अवयव निकामी. मनोविज्ञानात फ्रॉइडने १९०० मध्ये स्वप्नांच्या विश्लेषणात ही संकल्पना मांडली. मूळ लक्ष्यावर व्यक्त करता न येणारा राग दुसऱ्याच व्यक्तीवर निघणे, असा तिचा अर्थ पुढे रूढ झाला.

यांपैकी कोणता अर्थ इतिहासाच्या उपयोगी पडतो? जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून पन्हाळ्याहून विशाळगडास पोहोचले. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ४० किलोमीटर भरते. पण बाजीप्रभू देशपांडे पडले ती खिंड मधल्या वाटेवर आहे. भौतिकशास्त्राची व्याख्या जे वगळते, नेमके तेच आपण वर्गात शिकवतो.

१८४४ च्या गडकरी उठावात ही व्याख्या अधिकच अपुरी पडते. गडकरी म्हणजे किल्ल्यांवरील वंशपरंपरागत शिबंदी. चाकरीच्या मोबदल्यात त्यांच्याकडे जमिनी होत्या. करवीरचे छत्रपती अल्पवयीन असताना कंपनी सरकारने दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. नव्या व्यवस्थेत या जमिनींचा कारभार किल्ल्याकडून मामलेदाराकडे गेला. गडकरी तसूभरही हलले नव्हते. भौतिकशास्त्राच्या भाषेत त्यांचे विस्थापन शून्य. तरीही सामानगडापासून पन्हाळ्यापर्यंत उठाव पेटला. येथे रसायनशास्त्राचा अर्थच जवळचा वाटतो : कोण हलले यापेक्षा कोणाची जागा कोणी घेतली, हा प्रश्न महत्त्वाचा.

उठावकर्त्यांनी साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हन्स यांना दौऱ्यावर असताना पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. करवीरची महसूलव्यवस्था त्यांनी लावलेली नव्हती. त्यामुळे हा ‘विस्थापित’ राग होता, असे म्हणण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. कंपनीचा वरिष्ठ अधिकारी ओलीस धरणे ही राजकीय खेळी होय. तिला मनोविकाराचे नाव दिल्यास बंडखोरांची विचारशक्तीच नाकारली जाते. (वसाहतकालीन प्रशासकीय लेखनात ही सवय वारंवार दिसते.)

१ डिसेंबर १८४४ रोजी जनरल डेलामोट यांच्या सैन्याने तट फोडून पन्हाळा घेतला. तटबंदी पाडण्यात आली आणि वंशपरंपरागत शिबंदीची पद्धतही मोडीत निघाली. आधी केवळ जमिनीचा कारभार सरकला होता. आता ज्या चाकरीपोटी ती जमीन होती, ती चाकरीच उरली नाही. कोयनेसारख्या धरणांमुळे रूढ झालेला, घरदार सोडून जाण्याचा अर्थ मनात धरून दप्तरे चाळल्यास हे लोक विस्थापितांत सापडत नाहीत; गडाखालच्या गावांच्या नोंदींत मात्र ते सापडू शकतात.