सांध्यावरची टक

आवाजाचा छोटा तुकडा अखंड फिरवायचा, म्हणजे त्याचा लूप करायचा म्हटला, की त्याचा शेवट कुठेतरी सुरुवातीला भिडतो आणि तिथे 'टक' वाजते. हा जुन्या यंत्रांचा दोष होता आणि संगणकाने तो घालवला, असे सर्रास मानले जाते. मला हे पटत नाही. टक यंत्रातून येत नाही, ती कापण्यातून येते. ध्वनिलहर मध्येच तोडून भलत्याच उंचीवरच्या दुसऱ्या लहरीला जोडली, तर स्पीकरचा पडदा क्षणार्धात एका जागेवरून दुसरीकडे फेकला जातो; कानाला ऐकू येतो तो हा धक्का. त्यावरचा चांगला उपायही संगणकाच्या कितीतरी आधी टेप कापणाऱ्यांच्या हातात होता.

सुरुवात टेपच्याही आधीची आहे. १९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओच्या स्टुडिओत संगीतकार पिएर शेफर तबकड्यांवर काम करत होते. तबकडीची खाच आत आत जाऊ न देता वर्तुळात मिटवली, की सुई त्याच फेऱ्यात अडकून राही. मिनिटाला ७८ फेरे या वेगाने एक फेरा जेमतेम ०.७७ सेकंदाचा. या फेऱ्यात सांधा कुठे यावा, यावर फारसा ताबा नव्हता. खाच जिथे मिटली तिथे सांधा. बातिन्योल स्थानकावर टिपलेल्या आगगाड्यांच्या खडखडाटात असा सांधा सहज खपतो. म्हणूनच टक ही दोष न राहता कलेचा भाग झाली, असे कुणी म्हणेल. आगगाडीपुरते ते खरे आहे. पण सलग, लांबणाऱ्या स्वराला ही सवलत मिळत नाही.

टेप आली आणि ब्लेड हाती आले. संपादक टेप सहसा ४५ अंशांत तिरपी कापत. त्याचे पहिले कारण संगीताचे नव्हतेच: तिरपा जोड मजबूत राहतो आणि टेपयंत्राच्या हेडवरून न अडखळता सरकतो. पण पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर रुंदीच्या टेपवर या कापाने सांधाही तितक्याच लांबीवर पसरतो. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत असेल, तर हेडसमोर जुना आवाज ओसरून नवा चढायला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. आजच्या भाषेत हा चक्क क्रॉसफेड. टेपच्या मूळ खरखरीतच टक झाकली जात असेल, तिरप्या कापाला एवढे श्रेय कशाला, ही शंका रास्त आहे. पण त्याच टेपवर, त्याच खरखरीत, सरळ काटकोनातला काप टक देतो. ब्लेडमध्ये चुंबकत्व उतरले असेल तर तिरप्या कापावरही टक उमटते. म्हणून दक्ष संपादक ब्लेडचे चुंबकत्व आधी घालवून घेत. १९७७ च्या 'स्टेइन अलाइव्ह' या गाण्यातला ढोलांचा लूप याच हातकामाचा, पण तिथे काम सोपे होते: सांधा ढोलाच्या आघाताआड लपवता येतो.

मग संगणक आला. १९७९ च्या सिडनीच्या फेअरलाइट या संगणकी वाद्यात एका आवाजासाठी अवघी १६ किलोबाइट जागा होती, त्यामुळे लांब स्वर हवा तर इवलासा तुकडा फिरवण्यावाचून गत्यंतर नव्हते. इथे नवा उपाय पुढे आला: लहर शून्यरेषा ओलांडते तिथेच कापा. संगणकाची स्वतःची देणगी म्हणावी तर हीच, आणि माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेपही हाच. पण दोन्ही टोके शून्यावर असली तरी एक लहर चढती आणि दुसरी उतरती असू शकते. धक्का कमी होतो, मोडलेपणा उरतो. तंबोऱ्यावर हे लगेच उघडे पडते. मिरजेचा उत्तम तंबोरा घ्या: जवारीमुळे त्याचे स्वरांश सतत उमलत-मिटत असतात, आणि शून्यरेषा जुळली म्हणून ते जुळत नाहीत. दोन टोके एकमेकांवर चढवून विरघळवावीच लागतात. १९८८ च्या अकाई एस-१००० सॅम्पलरमध्ये क्रॉसफेडची सोय होती ती यासाठीच. फरक इतकाच, की ब्लेडचा तिरकेपणा आता आकड्यांत मोजून मागता येऊ लागला, आणि १७ मिलिसेकंदांची मर्यादा उरली नाही.

आणि टक गेली का? एमपी३ हा साचा आवाज १,१५२ नमुन्यांच्या ठरावीक चौकटींत भरतो, आणि एन्कोडर सुरुवातीला व शेवटी थोडी रिकामी जागा घालतो. उत्तम सांधलेला लूप त्यात घातला, की सांध्यावर पुन्हा खळगा पडतो. म्हणून गेमसाठी आवाज करणारे लूप बहुधा वेव्ह किंवा ऑगमध्येच ठेवतात.