वेस कोणासाठी? फायरवॉल आणि खेळाच्या सर्व्हरची निवड

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटलं की आपण यंत्र कोणी शोधलं ते बघतो. आज आपण एक छोटासा नियम बघू. ऑनलाइन खेळ खेळणारी मुलं संगणकाच्या फायरवॉलमध्ये तो लिहितात आणि आपण कुठल्या शहरातल्या सर्व्हरवर जायचं, ते त्यातून ठरवतात. विषय पोराटोरांचा वाटेल. पण त्यात वेशीचा जुना प्रश्न दडलेला आहे.

आधी अंतराचं बोलू. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेनं मुंबई इंग्लंडशी जोडली गेली, तेव्हा अंतर संपलं असंच लोकांना वाटलं असेल. अंतर संपत नसतं. ते वेळेत मोजलं जाऊ लागतं, इतकंच. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदाला २००. या हिशेबानं नाशिकहून मुंबई एका मिलिसेकंदाच्या आत. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. तेव्हा जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. केबल सरळ जात नाही, वाटेत यंत्रं असतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. या जाण्या-येण्याच्या वेळेला मुलं ‘पिंग’ म्हणतात. नेमबाजीच्या खेळात ज्याचं पिंग जास्त, तो आधी मरतो, असा साधा हिशेब आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. पुढं सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ रंगू लागला, तेव्हा सर्व्हर त्याच खोलीतल्या एखाद्या संगणकावर असायचा. प्रतिस्पर्धी शेजारच्या खुर्चीत! मग खेळ ऑनलाइन गेले, सर्व्हर परदेशात गेले, आणि आपली मुलं अंतराचा दंड भरत खेळू लागली. नंतर मुंबईत सर्व्हर आले. तरी ‘कुठं खेळायचं’ हे बहुतेक वेळा खेळच ठरवतो. मुंबईत गर्दी कमी असली की तो सिंगापूर किंवा दुबईला नेऊन सोडतो. इथं फायरवॉल कामाला आली.

हा शब्द बांधकामातला. एका घराची आग दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून मध्ये घातलेली भिंत. आपल्या जुन्या नाशकातले एकमेकांना चिकटलेले लाकडी वाडे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तिची गरज कळेल. नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ नावाच्या प्रोग्रामनं हजारो संगणक अडवून धरले, आणि जाळ्यातही अशी भिंत हवी हे संस्थांना पटलं. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ती घरोघरच्या संगणकात आपोआप सुरू राहू लागली. रोख मात्र बाहेरून येणाऱ्यांवर होता. बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर नियम लावायची सोय पुढच्या विंडोज व्हिस्टामध्ये आली.

मुलांनी नेमकी तीच उलटी बाजू धरली. खेळ सुरू होताना मुंबई, चेन्नई, सिंगापूर, दुबई असा प्रत्येक ठिकाणी हाक मारून बघतो. जिथून उत्तर लवकर येतं, ते ठिकाण जवळचं. मुलं ‘बाहेर जाणारी वाहतूक’ या सदरात नियम करतात, त्यात सिंगापूरचे आयपी पत्ते टाकतात आणि ‘अडवा’ म्हणतात. तिथून उत्तरच येत नाही. खेळ समजतो की ते ठिकाण बंद आहे, आणि दुसरीकडे नेतो. हे सगळीकडे चालत नाही. ‘व्हॅलोरंट’सारख्या खेळात प्रदेश खात्यालाच बांधलेला असतो. शिवाय पत्ते बदलतात, मग नियम शिळा होतो. आणि सरसकट मोठा पट्टा अडवला तर त्याच पत्त्यांवरची दुसरी एखादी सेवाही बंद पडते.

इथवर ही सोय झाली. आता तिचे दोन उपयोग वेगळे करू. एक मुलगा म्हणतो, ‘लांबचा सर्व्हर नको, खेळ अडखळतो.’ दुसरा म्हणतो, ‘त्या सर्व्हरवर अमुक भाषा बोलणारे लोक असतात, ते नकोत.’ फायरवॉलमध्ये दोघांचा नियम अक्षरशः एकच! आकड्यांना हेतू कळत नाही. पहिल्यानं अंतर अडवलंय, दुसऱ्यानं माणसं. आणि दुसऱ्यासारखं पुष्कळांनी केलं, तर जे मागे राहतात त्यांना खेळायला जोडीदारच मिळत नाहीत. आपण का टळलो, हेही त्यांना कोणी सांगत नाही.

नाशिककरांना हा फरक समजावून सांगायला नको. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला सुरुवात झाली. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक दाराशी बसले, आणि आतून दारं बंद करण्यात आली. त्या अपमानाची तुलना खेळाशी करायची नाही. दोन्हींचं वजन एक नाहीच. पण दाराबद्दल विचारायचा प्रश्न आपल्या शहरानं तिथं शिकवला: हे दार कशाला अडवतं, वाऱ्याला की माणसाला?

तिसरा नियम लिहिणारा असतो शासन. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ११८ ॲप बंद केली. त्यात ‘पबजी मोबाइल’ होतं. २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ या नावानं खेळ परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटला, मे २०२३ मध्ये पुन्हा दिसला. शासनाच्या भिंतीमागं सुरक्षेची कारणं असू शकतात, पण ती लिहिणारा आणि ती सोसणारा वेगवेगळे असतात. म्हणून तिथं कारण जाहीर मागायचा हक्क नागरिकाला हवा. घरातल्या नियमाचं तसं नाही. तो लिहिणारेही आपणच आणि सोसणारेही आपणच, असं आपण धरून चालतो. दुसऱ्या मुलाच्या उदाहरणात हे खरं नव्हतं. सोसणारा भलताच होता.

तेव्हा घरात नातवंडं असा नियम करताना दिसली, तर रागावू नका. पिंग किती आहे ते विचारा. आकडा सांगितला, तर शांतपणे खेळू द्या. आकड्याऐवजी एखाद्या समाजाचं किंवा देशाचं नाव आलं, तर मात्र जवळ बसवून थोडं बोला. आता तुमचे प्रश्न घेऊ.