सोनेगावची मध्यरात्र

३० जानेवारी १९४९ रोजी, महात्मा गांधींच्या हत्येस बरोबर एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, रात्रीच्या हवाई टपालाची योजना आपल्या देशात सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांतून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या पुढे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यावीत, तेथे टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल व्हावी, आणि पुन्हा चारही दिशांना विमाने उडून, संध्याकाळी मुंबईच्या पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासेच्या अगर कलकत्त्याच्या माणसाच्या हाती पडावे, अशी ती व्यवस्था होती. जासूद व हरकारे यांच्या पायांवर ज्या देशाचा पत्रव्यवहार शतकानुशतके चालला, त्या देशाने चारही टोकांचे टपाल एका प्रांतिक शहराच्या अंगणात रात्रीतून निवडून वाटून द्यावे, ही गोष्ट माझ्या मते आपल्या दळणवळणाच्या इतिहासातील अत्यंत मनोहर घटनांपैकी एक आहे. आणि ती जवळजवळ विस्मृतीत गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आज जिल्ह्याजिल्ह्यांतून नव्या विमानमार्गांची मागणी होत असते. लोकप्रतिनिधी निवेदने देतात, व्यापारी मंडळे ठराव करतात, आणि या साऱ्या खटपटीचा सूर बहुधा एकच असतो, की आमच्या गावाहून मुंबईस विमान सुटले पाहिजे. ही मागणी न्याय्य आहे, यात शंका नाही. परंतु मार्ग म्हणजे राजधानीकडे जाणारी वाट, एवढीच कल्पना मनात धरून आपण नकाशा पाहू लागलो, म्हणजे प्रत्येक प्रांतिक विमानतळ हा कुठल्या तरी महानगराची शेपटी होऊन बसतो. सोनेगाव शेपटी नव्हते, ती गाठ होती. म्हणून तिचा वृत्तांत जरा सविस्तर सांगावासा वाटतो.

विमानमार्गांचा आपल्याकडील आरंभ पाहिला, तर त्याचे जनकत्व उतारूकडे जात नाही, टपालाकडे जाते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनी येथे सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली, आणि जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल म्हणून त्या लहानशा उड्डाणाची नोंद झाली. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे आणले, व तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बल्लारीमार्गे मद्रासेस नेले. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत येत. विलायतेहून इम्पीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेले टपाल दक्षिणेस पोहोचविणे, हेच त्या मार्गाचे प्रयोजन होते. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी जवळजवळ अकरा टन टपाल वाहिले, आणि उतारू मात्र १५५. सरकारने या सेवेस अनुदान दिले नव्हते. टपालाच्या वजनावर मोबदला मिळत असे, आणि त्या मोबदल्यावर मार्ग तगून राहिला.

टपालाच्या पाठोपाठ दुसरा आश्रयदाता आला तो संस्थानिक. १९३५ मध्ये मुंबईहून गोवा व कण्णूरमार्गे त्रिवेंद्रमपर्यंत, आणि १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेरमार्गे दिल्लीपर्यंत जे मार्ग निघाले, त्यांच्या थांब्यांची नुसती नावे वाचली तरी त्यांमागे कोणते दरबार उभे होते हे ध्यानात येते. मुंबई ते काठेवाड व मुंबई ते कोल्हापूर असे मार्ग चालविणारी एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही कंपनीदेखील संस्थानी पाठबळावरच उभी राहिली. कोल्हापुरास मिरजेहून रेल्वे आली ती १८९१ मध्ये, शाहू छत्रपतींच्या तरुणपणी. त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी शहराबाहेरील उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ सिद्ध करविला आणि १९३९ च्या आरंभी त्याचे उद्घाटन झाले. पित्याच्या काळी लोहमार्ग, पुत्राच्या काळी आकाशमार्ग, असा हा एका घराण्याचा दळणवळणाचा वारसा आहे. परंतु १९४० मध्ये राजाराम महाराज निवर्तले, महायुद्धाचा वणवा पसरला, पुढे संस्थाने विलीन झाली, आणि ज्या दरबाराच्या इच्छेने मार्ग जन्मास आला होता तो दरबारच उरला नाही. धावपट्टी जागच्या जागी राहिली. तिच्यावर विमान का उतरावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र हरवले. प्रांतिक विमानतळांच्या पुढील साऱ्या कथेत हा प्रश्न पुनःपुन्हा भेटतो.

नागपूरचे उत्तर भूगोलातच होते. तेथील शून्य मैलाचा दगड हा भारताचा मध्यबिंदू, अशी लोकांची जुनी समजूत आहे. भूमितीच्या काटेकोर कसोटीस ती उतरो वा न उतरो, प्रवासाच्या हिशेबात तिच्यात पुष्कळ तथ्य आहे. मुंबईकडील लोहमार्ग १८६७ मध्येच नागपुरास पोहोचला होता, आणि बल्लारशा व काझीपेठ यांच्यामधील दुवा १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुरा झाल्यावर दिल्ली–मद्रास मार्गही याच शहरातून जाऊ लागला; म्हणजे पूर्वपश्चिम आणि दक्षिणोत्तर अशा दोन महामार्गांचा छेद येथे आधीच पडलेला होता. सोनेगावचे मैदान पहिल्या महायुद्धाच्या काळापासून लष्करी विमानांच्या उपयोगात आलेले होते, दुसऱ्या महायुद्धात त्याची डागडुजी व वाढ झाली, आणि पुढे ते मुलकी अंमलाखाली आले. मध्य प्रांत व वऱ्हाड यांची राजधानीही तेव्हा नागपूरच होती.

आता त्या व्यवस्थेतील हिशेब पाहावा. चार शहरे एकमेकांस थेट जोडावयाची, तर सहा निरनिराळे मार्ग लागतात, व प्रत्येक मार्गावर जाण्याचे एक आणि येण्याचे एक अशी रात्रीतून बारा उड्डाणे करावी लागतात. तीच चार शहरे मध्यभागी एका ठिकाणी भेटविली, तर चार मार्ग व आठ उड्डाणे पुरतात. मुंबई, दिल्ली, मद्रास व कलकत्ता ही चारही शहरे नागपुराहून हवेतील अंतराने साधारण सातशे ते हजार किलोमीटरांच्या टापूत येतात. डाकोटा विमानास हे अंतर काटण्यास तीन-चार तास लागत. म्हणून जेवणाची वेळ टळून गेल्यावर निघालेले विमान मध्यरात्रीच्या पुढेमागे नागपुरास टेकावे आणि पहाटेपर्यंत पुढच्या मुक्कामास लागावे, हे गणित जमत असे. ज्या कोणाच्या मनात ते प्रथम आले असेल, त्याच्या बुद्धीस मी नमस्कार करतो. १ एप्रिल १९४९ पासून साधे देशांतर्गत पत्रदेखील, विमानाने लवकर पोहोचत असेल तर, जादा आकाराशिवाय विमानाने पाठविण्याचे धोरण टपाल खात्याने स्वीकारले, आणि सोनेगावच्या रात्रीला खरा जनाधार लाभला. तोवर हवाई टपाल हा सरकारी कचेऱ्यांचा व पेढीवाल्यांचा विषय होता. आता खेडेगावच्या आईने मुंबईतल्या गिरणीत कामास असलेल्या मुलास लिहविलेले पत्रही, त्याच्या वाटेत विमान असेल तर, विमानात बसण्यास पात्र ठरले.

रात्रीच्या टपालाच्या या योजनेस विरोधही झाला, आणि तो क्षुद्र नव्हता. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी योजनेचा आग्रह धरला, तर जे. आर. डी. टाटा यांनी तिला उघड विरोध केला. रात्रीच्या उड्डाणास भूमीवरील दिवे व रेडिओचे मार्गदर्शन इत्यादी जी साधने लागतात, ती आपल्याकडे पुरेशी नाहीत, हा त्यांच्या आक्षेपातील प्रमुख मुद्दा होता. जुन्या कंपन्या मागे राहिल्या तेव्हा परवाना नवख्या कंपनीकडे गेला. ती लवकरच थकली, आणि हिमालयन एव्हिएशन व पुढे डेक्कन एअरवेज यांनी तो भार उचलला. युद्धानंतर अमेरिकन लष्कराने टाकून दिलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळत असल्याने त्या दिवसांत कंपन्यांचे पीकच आले होते. १९५० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गणपत सखाराम राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीने स्पष्ट दाखवून दिले, की देशातील वाहतूक जितक्या कंपन्यांचे पोट भरू शकते त्याहून अधिक कंपन्यांना परवाने दिले गेले आहेत. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्यांचा कारभार इंडियन एअरलाइन्स या सरकारी महामंडळाच्या स्वाधीन झाला. तिच्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती.

मला किडवईंचा आग्रह आणि टाटांची भीती ही दोन्ही खरी वाटतात. राष्ट्रीयीकरणानंतर चारच महिन्यांनी, डिसेंबर १९५३ मध्ये, नागपुराहून रात्री उडालेले एक डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि १३ माणसे प्राणास मुकली. त्यांपैकी एकाच्या कुटुंबीयांनी नुकसानभरपाईसाठी दाद मागितली. तिकिटावरील, महामंडळास जबाबदारीतून मुक्त करणारी अट बंधनकारक आहे काय, हा वाद कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि न्यायालयाने ती अट ग्राह्य धरली. जलद टपालाची किंमत कोणी चुकविली, हे सांगितल्याशिवाय त्या रात्रींचे कौतुक करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूरचा राजधानीचा मान गेला. मध्यरात्रीचा मान मात्र पुढेही उरला. त्याचा अंत केला तो वेगाने. १९६४ मध्ये कॅरेव्हेल हे जेट विमान इंडियन एअरलाइन्सच्या सेवेत आले, आणि दिल्ली–मद्रास किंवा मुंबई–कलकत्ता हे अंतर एका झेपेत, दोन-अडीच तासांत काटता येऊ लागल्यावर मधल्या अंगणात भेटण्याची गरज हळूहळू संपली. १९७० नंतरच्या दशकात ही सेवा बंद झाली. त्यात कोणाचा अपराध नव्हता. जे अंतर नागपुरास मोल देत होते, तेच अंतर आकसले.

मार्गाचे प्रयोजन किती विलक्षण असू शकते याचे दुसरे उदाहरण गोव्यात सापडते. भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीज अंमलाने १९५५ मध्ये दाबोळीचा विमानतळ सुरू केला आणि स्वतःची विमानसेवा काढून दमण, दीव व कराचीकडे विमाने धाडली. मुंबई तासाभराच्या वाटेवर असता गोव्याचा माणूस समुद्रावरून कराचीस जात होता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि तो मार्ग एका दिवसात निरर्थक ठरला. दाबोळीची धावपट्टी मात्र पुढे लक्षावधी पाहुण्यांच्या कामी आली.

१९८१ मध्ये निघालेल्या वायुदूत या विमान कंपनीचा प्रयत्न, आणि तिचे १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये झालेले विलीनीकरण, यांविषयी येथे लिहीत नाही. ती कथा स्वतंत्र लेखाची आहे. उडान योजनेविषयी मात्र एक गोष्ट नोंदविली पाहिजे. सुमारे तासाभराच्या प्रवासास २५०० रुपयांची मर्यादा घालून, तूट सरकारने सोसण्याची तरतूद करून ही योजना निघाली, आणि २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली विमाने उडाली त्यांत नांदेड–हैदराबाद हे एक होते. या योजनेत नांदेडहून पहिली वाट मुंबईकडे न जाता हैदराबादेकडे गेली, याचे मराठवाड्याचा इतिहास जाणणाऱ्यास नवल वाटणार नाही. १९५६ पर्यंत नांदेड हा हैदराबाद राज्याचाच जिल्हा होता; वरिष्ठ न्यायालय, उस्मानिया विद्यापीठ, बाजारपेठ, दवाखाना, सारे तिकडेच. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी खोऱ्यातून हैदराबाद–मनमाड लोहमार्ग आला तोही नांदेडवरूनच. राज्याची सीमा बदलली तरी लोकांच्या पायांना जुनी वाट आठवत होती, आणि साठ वर्षांनी विमानाने तीच वाट धरली. ती सेवा चालविणारी कंपनी पुढे बंद पडली, हे खरे. परंतु मार्गाचे बीज तेथे होते, हे तिच्या बंद पडण्याने खोटे ठरत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात सिंधुदुर्गातील चिपीहून पहिले विमान उडाले ते मुंबईस, आणि तेही बरोबरच होते. कारण कोकणातील घराघराचा एक खांब पिढ्यान्पिढ्या मुंबईत उभा आहे.

महाराष्ट्राच्या नकाशावर एक आडवी रेषा मात्र अशी आहे, की जिच्याकडे विमानाचे लक्ष फार उशिरा गेले. कोल्हापूर आणि नागपूर ही एकाच राज्याची दोन टोके. राजाराम महाराजांचा माळ एकीकडे, सोनेगाव दुसरीकडे, आणि दोन्ही ठिकाणी विमाने येऊन गेली त्यास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी या टोकाचा विद्यार्थी, पैलवान, वकील किंवा सोयरा त्या टोकास जाण्यासाठी अनेक दशके कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेसवरच विसंबून राहिला. ती गाडी मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असे करीत तेराशेंहून अधिक किलोमीटर चालते, आणि एवढ्या अवधीत एकदाही राज्याची हद्द ओलांडत नाही. तिच्या डब्यांत लोक पोळीभाजीची शिदोरी सोडतात, एक रात्र काढतात, आणि दुसऱ्या दिवशी नागपूर आले की सामान गोळा करून दाराशी उभे राहतात.