सात फूट रुंदीची नौका

कालवा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें खडकवासल्याचें किंवा नीरेचें पाणी शेतांकडे नेणारा पाट उभा राहतो. त्यावरून कोणी नौकेंतून प्रवासास निघेल, ही कल्पना आपणांस सहसा सुचत नाहीं. इंग्लंडांतील कालवे मात्र मुळांत मालाच्या वाहतुकीचे रस्ते म्हणूनच खणण्यांत आले. अशा रस्त्यावर स्वतःची नौका बाळगणाऱ्याच्या हातीं नेमकें काय असतें, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

इ. स. १७६१ मध्यें ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याच्या वर्स्ली येथील खाणींतला कोळसा नव्या कालव्यानें मँचेस्टरकडे जाऊं लागला, आणि पुढें त्या शहरांतील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. या कामावर जेम्स ब्रिंडली हा एंजिनिअर होता. ट्रेंट व मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्यास १७६६ मध्यें पार्लमेंटची मंजुरी मिळाली, तेव्हां तें कामही त्याच्याकडेच आलें. चढउतारावर नौका वरखालीं नेण्यास 'लॉक' बांधावे लागतात. लॉक म्हणजे दोन्हीं टोकांस दरवाजे असलेला हौद. नौका आंत घेऊन दरवाजे मिटावयाचे, आणि पाणी भरून अथवा सोडून तिला पुढच्या पातळीवर आणावयाचें. हौद जितका मोठा, तितकें दर खेपेस पाणी अधिक खर्चीं पडणार. शिवाय वाटेंत हेअरकॅसलच्या टेकडींतून दीड मैलाहून लांब बोगदा काढावयाचा होता. तेव्हां ब्रिंडलीनें चढावरील लॉकांची रुंदी सुमारें सात फूट व लांबी सुमारें बहात्तर फूट धरली.

हें माप मध्य इंग्लंडांत रूढ झालें आणि पुढील कित्येक पिढ्यांची नौका त्यानेंच ठरवून टाकली. सत्तर फूट लांब, सात फुटांस जेमतेम कमी रुंद अशा या नौकेंत पंचवीस टन माल भरावा, आणि कांठावरून चालणाऱ्या एका घोड्यानें ती ओढावी, असा क्रम चालला.

१८४० नंतर आगगाडीच्या स्पर्धेनें वाहतुकीचे दर कोसळले. मदतनिसाचा पगार आणि जमिनीवरच्या घराचें भाडें, दोन्हीं परवडेनात. तेव्हां पुष्कळ नावाड्यांनीं बायकामुलांस नौकेवरच आणलें. मागच्या टोकाच्या सुमारें दहा फुटांच्या खोलींत चूल, बिछाना आणि सारा संसार मावूं लागला. ज्याची नौका स्वतःची, त्यास हे लोक 'नंबर वन' म्हणत. मान मोठा खरा. परंतु घोडा आजारी पडला किंवा कालवा गोठला, तर नुकसान सर्वस्वीं त्याचेंच. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ यानें या कुटुंबांच्या हालांविषयीं चळवळ केली. तिला यश येऊन १८७७ च्या कायद्यानें अशा नौकांची नोंदणी आवश्यक झाली व एका खोलींत किती माणसांनीं राहावें यास मर्यादा पडली.

श्रोतेहो, १९३९ च्या जुलैमध्यें या कथेस वेगळें वळण लागलें. एल्. टी. सी. रोल्ट हा एंजिनिअर 'क्रेसी' नांवाची जुनी मालवाहू नौका बॅनबरी येथें राहण्याजोगी करून तींतून प्रवासास निघाला. त्यावरील त्याचें 'नॅरो बोट' हें पुस्तक १९४४ मध्यें प्रसिद्ध झालें. १९४६ मध्यें त्यानें रॉबर्ट ऐकमन याच्या सहकार्यानें 'इनलँड वॉटरवेज असोसिएशन' स्थापन केली. स्ट्रॅटफर्ड कालव्यावर, जेथें पूर्वीं उचलतां येणारा पूल होता, तेथें पक्का पूल बसवून वाट अडविलेली होती. कालवा रेल्वे कंपनीच्या ताब्यांत होता. तरी त्यावरून जाण्याचा हक्क पार्लमेंटच्या कायद्यानें दिलेला होता. १९४७ च्या मे महिन्यांत रोल्टनें 'क्रेसी' त्या पुलाशीं नेली, आणि कंपनीच्या माणसांस पूल उचलून तिला वाट द्यावी लागली. वहिवाट मोडली कीं हक्क कागदावरच राहतो, हें त्यानें ओळखलें होतें.

१९६२-६३ च्या हिवाळ्यांत कालवे कित्येक आठवडे गोठले आणि या नौकांच्या मालवाहतुकीचा बहुतेक शेवट झाला. परंतु त्याच स्ट्रॅटफर्ड कालव्याचा मोडकळीस आलेला दक्षिण भाग स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगांतील कैदी यांनीं दुरुस्त केला, व १९६४ मध्यें तो पुन्हां खुला झाला.

आज तेथें हौसेनें किंवा घर म्हणून नौका घेणारासही प्रथम लॉकचें मापच पाहावें लागतें. उत्तरेकडील कांहीं लॉक लांबीला तोकडे असल्यानें, सर्वत्र हिंडूं इच्छिणारास सत्तावन्न फुटांच्या आसपासची नौका सोयीची पडते. १९९५ च्या कायद्याप्रमाणें, ज्या नौकेस कायमचा धक्का नाहीं, तिनें सामान्यतः एका ठिकाणीं चौदा दिवसांहून अधिक राहावयाचें नाहीं. मालकास हा नियम कधीं जाचक वाटतो. तरीही ज्या पाण्यावरून नौका जात राहिल्या तेंच पाणी वाहतें राहिलें, हें स्ट्रॅटफर्डच्या उदाहरणावरून त्यास उमगावें.